आठ वाजता घ्यायचं नाव

आमच्या घरात रात्री आठला टीव्ही बंद होतो. मॅच असू दे, मम्मीची मालिका असू दे, नाहीतर माझी उद्या परीक्षा असू दे. पप्पा खुंटीवरची शबनम पिशवी काढतात, तिच्यातून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतांचं पुस्तक बाहेर येतं, मम्मी गॅस बारीक करून डोक्यावर पदर घेते आणि आम्ही तिघं पुढच्या खोलीत सतरंजीवर बसतो. एक गीत, एक उतारा, आणि मग पप्पा विचारतात, आज कुणाकुणाचं नाव घ्यायचं? उचगावात आमच्यासारखी ख्रिस्ती घरं थोडी, पण जी आहेत त्यांच्यात हे असंच चालतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते आमच्या पप्पांचं. त्यांचा नियम असा, की ज्याचं नाव प्रार्थनेत घेतलं त्याच्या घरी येत्या रविवारी चर्चची उपासना सुटल्यावर जायचंच. नुसतं देवाच्या कानावर घालून आपण हात झटकायचे, हे त्यांना पटत नाही. मग पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खांद्याला शबनम आणि गाडीच्या हँडलला केळ्यांची पिशवी. शेजारच्या अंबूबाईंचा गुडघा आमच्या प्रार्थनेत इतकी वर्षं आहे की तो आता घरातलाच माणूस झालाय. अंबूबाईंच्या भिंतीवर जोतिबा, अंबाबाई, सगळे आहेत. तरी पप्पा तिथं उभे राहून डोळे मिटतात, आणि त्यापण गुडघ्यावर हात ठेवून निमूट बसतात. पप्पा शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर आहेत. जन्म मशीनच्या आवाजात गेला, त्यामुळं हळू बोलणं त्यांना येतच नाही. त्यांची प्रार्थना तीन घरांना ऐकू जाते.

बारकी होते तेव्हा केळ्यांची पिशवी मीच धरायचे, आणि काय मिजाशीत धरायचे! मग कॉलेजला गेले आणि माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. माझं नाव सुवार्ता, म्हणजे येशूचं शुभवर्तमान. वर्गात एकीनं विचारलं, असलं कसलं गं नाव? मी म्हटलं, आजीनं ठेवलंय. म्हणजे पुढचं काही सांगायला नको. घरी जेवणाआधी हात जोडून प्रार्थना करते, कॉलेजात डबा उघडला की नुसती पापणी एकदा खालीवर करते. बघणाऱ्याला वाटावं, डोळ्यात काहीतरी गेलंय. चर्चच्या मंडळीत मी तरुण संघाची सेक्रेटरी आणि कॉलेजात पापणीपुरती ख्रिस्ती. हसू नका, खरंच तसं आहे.

क्रांती कांबळे माझी मैत्रीण. अकरावीपासून आम्ही एका बाकावर. ती रोज इचलकरंजीजवळच्या कबनूरहून एसटीनं येते. तिची आई, पारूबाई, तिथल्या एका मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाते. त्यांच्या घरी बुद्धवंदना, आमच्या घरी गीतं. पण आमची दोघींची माणसं मागं कधीतरी गावाच्या त्याच एका कडेला राहिलेली, त्यामुळं एकमेकींना फार काही समजावून सांगावं लागायचं नाही. क्रांतीच्या बॅगेला निळा बिल्ला असतो आणि ती कुणाच्या बापाला भीत नाही. खरं तर तिच्यापासून मी काही लपवावं असं काहीच नव्हतं.

गणपती झाल्यावर एक दिवस ती कँटीनमध्ये वडापाव पुढ्यात ठेवून नुसती बसून राहिली. पारूबाईंच्या छातीत गाठ निघाली होती. सरकारी दवाखान्यात तपासण्या झालेल्या, ऑपरेशन करायचं ठरलेलं. क्रांती कधी रडत नाही, ती त्या दिवशी रडली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आम्ही रोज आठ वाजता घरी प्रार्थना करतो. तुझ्या आईचं नाव रोज घेऊ. ऑपरेशन होऊन ती बरी होईपर्यंत घेऊ."

हे मी मनापासून बोलले. खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही, एवढं तरी माझं ऐका.

त्या रात्री गीत झालं, उतारा झाला, पप्पांनी विचारलं, आज कुणाकुणाचं नाव? मम्मीनं अंबूबाईंचा गुडघा सांगितला, पाळकसाहेबांचा खोकला सांगितला. मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात मला रविवार दिसला. कबनूरची ती बोळ, दोन्हीकडं मागाचे कारखाने, दारादारात बायका, आणि मधून आमचे पप्पा पांढरा शर्ट घालून शबनम सावरत विचारताहेत, पारूबाई कांबळे कुठं राहतात हो? मग त्यांचे मिटलेले डोळे, वर केलेला हात आणि तो आवाज. दुसऱ्या दिवशी क्रांती काही बोलणार नाही, पण तिच्याबरोबर एसटीनं येणाऱ्या पोरी बोलणार. म्हणजे सुवार्ता ती, जिचा बाप असा दारोदार फिरतो.

"आणि तुझं कुणी?" पप्पांनी विचारलं.

"कोण न्हाय," मी म्हटलं.

मनाची समजूत घालायला कारणं लागतात तेवढी मिळतात. म्हटलं, दिवस वाईट आलेत. परक्या दारात प्रार्थना करायला गेलं की लोक मोबाईल काढतात, भलताच अर्थ काढतात, पप्पांना त्रास नको. ही भीती खोटी नाही. आमच्या मंडळीत ती सगळ्यांनाच आहे. पण मी काही त्या भीतीपोटी गप्प बसले नव्हते. मला माझ्या बापाची लाज वाटली होती, आणि मी तिला भीतीचं नाव देत होते. दुसरं कारण असं काढलं, की देव अंतर्यामी आहे, मी अंथरुणात पडल्या पडल्या मनातल्या मनात नाव घेईन. दोनचारदा घेतलंसुद्धा. मग मोबाईल बघता बघता झोप लागायची. तेही बंद झालं.

क्रांती मात्र विसरली नव्हती. काही दिवसांनी म्हणाली, आई रोज आठ वाजता बसते. मी म्हटलं, बसते म्हणजे? तर म्हणाली, टीव्ही बंद करते, हातातलं काम ठेवते आणि भिंतीला टेकून गप्प बसते. मी बोलायला लागले तर म्हणते, थांब गं, तिकडं माझं नाव घेत असतील. क्रांतीला आपल्या आईचं हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं. "तिला म्हटलं, आपल्यात देवाला मागायचं न्हाय," ती म्हणाली. "तर म्हणती, देवाचं राहू दे. कुठली कोण माणसं रोज आठवण काढत्यात, आपण निदान गप बसावं की."

हे ऐकल्यावर माझं काय झालं ते कसं सांगू. देवाला दिलेला शब्द मोडला असता तर मी रविवारी क्षमा मागून मोकळी झाले असते, आम्हाला ती सवय आहे. पण इथं देव मधे नव्हताच. एक बाई कबनूरात भिंतीला टेकून बसत होती आणि उचगावात तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. क्रांतीनं विचारलं, काल घेतलं न्हवं नाव? मी म्हटलं, व्हय की. आणि डब्यातली चपाती तिच्यापुढं सरकवली.

त्याच संध्याकाळी सांगून टाकता आलं असतं. पण आता सांगितलं तर पप्पा विचारणार, कधीपासून आजारी आहे? मग आजवर का नाही बोललीस? जेवढा उशीर होत गेला तेवढं ते तोंडाबाहेर काढणं अवघड होत गेलं. आठ वाजले की माझे हात गार पडायचे. मम्मीला वाटलं, अंगात रक्त कमी आहे. तिनं मला बीट खायला घालायला सुरुवात केली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी पाळकसाहेब प्रत्येकाला आपलं मन तपासायला सांगतात. कुणाशी वाकडं असेल, मनात काही लपवलेलं असेल, तर आधी ते मिटवा म्हणतात. मी मन तपासलं. तपासायला काय, सगळं वरच पडलेलं होतं. थाळी बाकाबाकावरून पुढं येत होती. ती तशीच पुढं द्यावी असं मला वाटलं. पण शेजारी मम्मी होती, तिनं विचारलं असतं, आणि मागच्या बाकावरच्या बायकांना आठवडाभर विषय मिळाला असता. मी भाकरीचा तुकडा घेतला आणि तोंडात टाकला.  दुसऱ्या बाजूला पप्पा डोळे मिटून बसले होते. त्यांना आपल्या पोरीचं काहीच माहीत नव्हतं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पुढं औषधं आणि तपासण्या चालू राहिल्या. पारूबाईंचे केस गेले, पण जेवायला लागल्या. क्रांती म्हणाली, आईला तुमच्या घरी यायचंय, एकदा आठ वाजता तुमच्यात बसायचंय. मी म्हटलं, पप्पांची सेकंड शिफ्ट आहे. मग म्हटलं, पाहुणे आलेत. मग परीक्षा सांगितली. क्रांतीनं एकदा माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारायचं सोडून दिलं. मला वाटलं, सुटले.

डिसेंबरात एका संध्याकाळी दाराची कडी वाजली. मीच दार उघडलं. क्रांती, आणि तिच्यामागं डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली, सुती साडी नेसलेली वाळकी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कोल्हापुरात दवाखान्यात नंबर होता, म्हणून रात्री उचगावातच क्रांतीच्या मावशीकडं राहायला आल्या होत्या. मावशीचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"जयभीम दादा," पारूबाई पप्पांना म्हणाल्या.

"जयभीम, जयभीम, या की," पप्पांनी उठून खुर्ची पुढं केली. घरी आलेल्या माणसाला बघून पप्पांना जेवढा आनंद होतो तेवढा पगारालाही होत नाही. पण पारूबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्या सतरंजीकडं बघून हसल्या, जशी ओळखीची असावी. पिशवीतून पांढऱ्या कापडाची घडी काढून मम्मीच्या हातात दिली. कारखान्यातलं कापड होतं, कडेनं हातशिलाई घातलेली. तुम्ही बसता तिथं आंथरायला, म्हणाल्या. रोज थोडं थोडं शिवलंय.

मम्मी कापड हातात घेऊन माझ्याकडं बघायला लागली.

"मीच ती पारूबाई," त्या म्हणाल्या.

पप्पांनी मान हलवली, हसले, पण त्यांना काही कळलेलं नव्हतं. मम्मी स्वभावानं मऊ. समोरचा अडचणीत येऊ नये म्हणून ती कशालाही हो म्हणते. तशी ती म्हणाली, "व्हय व्हय, बसा की. सुवार्ता सांगत असती तुमचं."

"तुमी माझं नाव कसं घेता, तेवढं ऐकायला आलोय," पारूबाई म्हणाल्या. "लई दिवस तिकडं बसून नुसता अंदाज केला."

घड्याळात आठला थोडाच वेळ होता. पप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय विचारायचं होतं ते डोळ्यात दिसत होतं. पप्पा खोटं बोलत नाहीत. मी एक अक्षर बोलले नसते तरी चाललं असतं. मम्मीनं सांभाळून घेतलं असतं, पप्पांनी आज नाव घेतलं असतं, पारूबाई समाधानानं गेल्या असत्या. फक्त पप्पांना त्या हो मध्ये सामील व्हावं लागलं असतं. माझ्या खोट्यात मी त्यांनाही ओढणार होते, आणि तेवढंच आता शिल्लक राहिलं होतं.

"ह्यांनी नाव घेतलेलं न्हाय काकू," मी म्हटलं. "मी ह्यांना सांगितलंच न्हाय कधी."

क्रांती म्हणाली, "काय?"

मग मी सगळं सांगितलं. मधेच धीर सुटेल म्हणून भराभर सांगितलं. नाव घेतलं असतं तर पप्पा रविवारी कबनूरला आले असते, शबनम घेऊन, तिथं मोठ्यानं प्रार्थना केली असती, आणि मला त्याची लाज वाटली असती, म्हणून.

हे पप्पांसमोर बोलतेय, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

"माझी?" पप्पांनी विचारलं. अगदी हळू. त्यांना हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.



क्रांतीनं आईचा दंड धरला. चल, म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पारूबाई मात्र हलल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मग मी कुणासंगं बसत हुतो गं?" त्यांनी विचारलं.

ह्याचं उत्तर आमच्या घरात कुणाकडं असेल असं मला वाटलं होतं. मंडळीत कुणी असला प्रश्न विचारला असता तर मी फटकन देवाचं नाव सांगितलं असतं. त्या बाईसमोर ते तोंडातून निघेना. 

मग पारूबाईच खाली बसल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आठ वाजल्यात, बसू की, म्हणाल्या. मम्मीनं ते पांढरं कापड सतरंजीवर घाईघाईनं आंथरलं. क्रांती दाराजवळ उभी राहिली ती उभीच. पप्पांनी खुंटीकडं हात नेला, शबनम काढली, परत अडकवली. गीत म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. शेवटी मला म्हणाले, तू घे. मी डोळे मिटले आणि म्हटलं, पारूबाई कांबळे, कबनूर. पुढं काय म्हटलं ते आठवत नाही. मधेच मी रडायला लागले, आणि पारूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो नको होता. मी त्याच्या लायकीची नव्हते. पण त्यांनी तो प्रार्थना संपेपर्यंत काढला नाही.

क्रांती त्यानंतर कॉलेजला आली ती पुढच्या बाकावरच बसायला लागली. मी तिला दोष देत नाही. घरात पप्पा माझ्याशी नेहमीसारखेच बोलत होते. चहा घेतलास का, पेट्रोलला पैसे हवेत का. फक्त आठ वाजताचं गीत ते आता बारीक आवाजात म्हणायला लागले. शेजारच्या अंबूबाईंनी मम्मीला विचारलं, मालकांचा घसा बसलाय काय?

रविवार आला. नाव घेतलं होतं, म्हणजे जाणं आलंच. उपासनेहून आल्यावर पप्पांनी पांढरा शर्ट काढून ठेवला आणि कामावर जायचा चौकड्यांचा शर्ट घातला. शबनम खुंटीवरच होती. केळी मात्र घेतली होती. दारात चपला घालताना मला म्हणाले, "असं चालंल न्हवं?"

 पांढराच घाला म्हणायला आता काय तोंड होतं मला? चला म्हटलं. गाडीवर मागं बसले. एरवी पप्पा गाडी चालवताना गीत म्हणतात आणि सिग्नलला लोक वळून बघतात. इचलकरंजीच्या रस्त्याला सगळा ऊस चालला होता, ट्रॅक्टर मागून ट्रॅक्टर. पप्पा पूर्ण रस्ताभर गप्प होते.

बोळीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली. दोन्हीकडं माग चालू होते. असा खडखडाट, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. मला तेव्हा कळलं, इथं पप्पा कितीही मोठ्यानं बोलले असते तरी कुणाला काही ऐकू गेलं नसतं. त्यांनी केळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि कानाशी तोंड आणून म्हणाले, "तू म्होरं हो. मी इथंच थांबतो. बघून ये निवांत."

मी गेले. दार उघडंच होतं. पारूबाई चौकटीत बसून शेंगा फोडत होत्या. क्रांती आत होती. तिनं मला बघितलं आणि मागच्या खोलीत गेली, पाणी आणायला असं मी धरलं. पारूबाईंनी पिशवी घेतली आणि माझ्या मागं बोळीत नजर टाकली.

"आन् दादा?" त्यांनी विचारलं.

मी मागं फिरले. बोळीच्या तोंडाशी गाडीला टेकून, चौकड्यांच्या शर्टात, माझे पप्पा हाताची घडी घालून उभे होते. मी हाक मारली. मागांच्या आवाजात ती पोचेना. मग मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि असेल नसेल तेवढ्या जोरानं ओरडले, पप्पा, या की! दारातल्या बायका बघायला लागल्या. कारखान्याच्या खिडकीतून एकानं डोकं बाहेर काढलं. बघू देत म्हटलं.

ऐकू गेलं की नुसतं दिसलं कोण जाणे, पण पप्पांना कळलं. ते यायला निघाले. पण निघायच्या आधी त्यांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं बघितलं, कोण कोण बघतंय ते. मगच पाऊल उचललं.

आमचे पप्पा आजवर कुणाच्या दारात असं बघून कधी गेले नव्हते. ते त्यांना मी शिकवलं.